ऋणको डॉक्टर आणि ओस आरोग्य केंद्रे

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला खेड्यातला मुलगा वडिलांना घेऊन तालुक्याच्या बँकेत शैक्षणिक कर्जासाठी जातो, तेव्हा चार लाखांपर्यंतची रक्कम विनातारण, साडेसात लाखांपर्यंतची जामीनदारावर आणि त्यापुढची मात्र तारणावरच मिळेल, असे त्याला बहुधा सांगण्यात येते. आणि वडिलांनी पिशवीतून सातबाराचा उतारा काढून मेजावर ठेवला, की शाखाधिकारी त्यावरून एकदा नजर फिरवून तो परत करतो. यात त्या अधिकाऱ्याचा दोष थोडाच आहे. २००२ च्या ज्या कायद्याने बँकांना न्यायालयाची पायरी न चढता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला, त्याच कायद्याने शेतजमीन त्या अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवली, आणि जी मालमत्ता सहजासहजी जप्त करता येत नाही ती तारण म्हणून स्वीकारण्याची उत्सुकता कोणत्याही सावकाराला नसते, मग तो पेढीवरचा असो की राष्ट्रीयीकृत. शहरातल्या कारकुनाचा दोन खोल्यांचा फ्लॅट या व्यवहारात खपतो, खेड्यातल्या कुणब्याची आठ एकर जमीन खपत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी घातलेली तरतूद त्याच्याच मुलाच्या आड यावी, हा दैवदुर्विलास आहे. पुढे मामाचे घर, चुलत्याचे दुकान, असे काहीतरी मिळवून तो मुलगा कर्ज उभारतो खरा, परंतु त्या कर्जाबरोबर एका आप्ताच्या छपराची जबाबदारीही तो शिरावर घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागांत आरोग्यसेवक कसे टिकवावेत यासंबंधी २०१० साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात प्रवेश द्यावा ही एक प्रमुख शिफारस होती, कारण खेड्यात वाढलेला डॉक्टर खेड्यात राहण्याचा संभव अधिक असतो. आपल्या व्यवस्थेत मात्र नेमका हाच विद्यार्थी सर्वांत महाग अटींवर डॉक्टर होतो, आणि डॉक्टर झाल्यावर त्याने गावाकडे परतावे अशी अपेक्षा आपण सर्वांत मोठ्या आवाजात त्याच्याचकडून करतो.

त्याच्या हिशेबाची वही एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. राज्यातल्या अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क दहा लाखांच्या आगेमागे आहे आणि अभिमत विद्यापीठांत ते वीस लाखांपलीकडे जाते. पण आपण सौम्य उदाहरण घेऊ. दरसाल सहा लाख याप्रमाणे पाच हप्त्यांत तीस लाख रुपये दरसाल दर शेकडा दहा व्याजाने उचलले, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम व आंतरवासिता पार पडली आणि शिरस्त्याप्रमाणे आणखी एक वर्षाची सवलतीची मुदत संपली, तर नुसत्या सरळ व्याजाने साडेतेरा लाखांची भर पडून देणे साडेत्रेचाळीस लाखांवर पोचते. ते पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले तर मासिक हप्ता ४६,७०० रुपयांच्या पुढे जातो, आणि त्यातले ३६,२५० रुपये पहिल्या महिन्यात निव्वळ व्याजापोटी जातात. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत गट अ वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरून हाती येणारी रक्कम वाढते हे खरे, तरी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, लग्नाच्या आणि पदव्युत्तर परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाने हे दोन आकडे एकाखाली एक मांडले की भामरागड आणि धडगाव त्याच्या नकाशावरून आपोआप पुसली जातात. केंद्र सरकारची २००९ ची व्याज-अनुदान योजना आणि २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना यांचा लाभ कोणाला मिळालाच, तरी तो शिक्षणकाळातल्या आणि त्यापुढच्या सवलतीच्या मुदतीतल्या व्याजापुरता; नोकरी लागून हप्ता सुरू होतो तेव्हा सरकारचा हात नेमका निघून जातो.

डॉक्टर खेड्यात का जात नाहीत, हा प्रश्न नवा नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची जी कल्पना मांडली तिच्या मुळाशी हीच विवंचना होती, आणि त्यानंतर इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी वा आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हे मानक आज कागदावर निर्विवाद आहे. पण केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या सामूहिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व फिजिशियन यांची उणीव ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी धाडणे हाच तिथला उपचार होऊन बसला आहे.

यावर आपल्या राज्यकर्त्यांना सुचलेला इलाज म्हणजे बंधपत्र. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याने एक वर्ष सेवा द्यावी, न दिल्यास पदवीसाठी दहा लाख, पदव्युत्तर पदवीसाठी पन्नास लाख आणि अतिविशेष शाखेसाठी दोन कोटी भरावेत, असा दंडक महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली अशी बंधपत्रे वैध ठरवली. ज्याच्या शिक्षणावर जनतेने खर्च केला त्याने जनतेचे काही देणे लागावे, या न्यायाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या फलाशी. एक वर्षासाठी, मनाविरुद्ध, पदव्युत्तर परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन आलेला डॉक्टर त्या गावाचा होत नाही. त्याला वाड्यांची नावे पाठ होतात तोवर त्याचा कार्यमुक्तीचा आदेश निघतो, आणि गावकरी नव्या डॉक्टरची वाट पाहू लागतात. शिवाय या बंधनाचा सारा रोख शासकीय महाविद्यालयातल्या, तुलनेने अल्प शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यावर असतो. खासगी महाविद्यालयातून लाखोंचे देणे घेऊन बाहेर पडणाऱ्या मोठ्या वर्गाशी सरकारचे काही बोलणेच होत नाही, आणि वस्तुतः ज्याला सरकारने काही देऊ केले तर तो ऐकेल, असा हाच वर्ग आहे.

मुक्काम लांबला की काय घडते, याचे एक उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणातला लाल विंचू चावला की माणूस, विशेषतः लहान मूल, दगावायचे हे लोकांनी गृहीत धरलेले होते. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साठणारे पाणी यांची टिपणे वर्षानुवर्षे ठेवली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या औषधाने हे मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि पुढे सरकारने पद्मश्री दिली. वर्षाचे बंधपत्र भरून निघून गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातून हे झाले नसते.

अशा माणसांचे आपल्याला फार कौतुक असते. हेमलकसा, जामखेड, सर्च, बैरागड ही नावे आपण सत्काराच्या भाषणांत घेतो, टाळ्या वाजवतो, आणि प्रश्न जणू सुटला अशा समाधानाने घरी जातो. पण असामान्यांच्या त्यागावर सार्वजनिक आरोग्याचे अंदाजपत्रक मांडता येत नाही; ज्याला बायको, मुले, म्हातारे आईवडील आणि बँकेचा हप्ता आहे असा सामान्य, सज्जन, कामसू डॉक्टर चार-पाच वर्षे तालुक्यात कसा राहील, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

इतर देशांनी तो व्यवहाराने सोडवू पाहिला. अमेरिकेने १९७० साली राष्ट्रीय आरोग्यसेवा दल स्थापले आणि १९८७ पासून कर्जफेडीची योजना त्याला जोडली: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात दोन वर्षे पूर्णवेळ काम करा, कर्जापैकी ठरावीक रक्कम सरकार भरील (कित्येक वर्षे ही मर्यादा पन्नास हजार डॉलर होती), आणि पुढे राहिलात तर पुढेही भरील. नॉर्वेने १९९० पासून उत्तर ध्रुवाकडच्या फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स भागात राहून नोकरी करणाऱ्यांचे, ते कोणत्याही व्यवसायातले असोत, विद्यार्थी-कर्ज दरवर्षी काही अंशाने माफ करण्याचा प्रघात पाडला. या योजनांनी तिथली उणीव पूर्ण भरून निघाली असे कोणी म्हणत नाही. कर्ज फिटल्यावर निघून जाणारेही असतातच. जाऊ द्यावेत. पाच वर्षे राहून गेलेला डॉक्टर पाच वेळा बदललेल्या डॉक्टरांपेक्षा गावाला अधिक देऊन जातो.

महाराष्ट्राने असे काही करायचे तर माझ्या मते रचना चढत्या भाजणीची असावी. रुजू होतेवेळच्या कर्जापैकी पहिल्या वर्षाच्या सेवेबद्दल दहा टक्के, दुसऱ्या वर्षी पंधरा, मग वीस, पंचवीस आणि पाचव्या वर्षी तीस, आणि सेवेत असेतोवर चालू व्याजही सरकारचे. वरच्या उदाहरणातल्या डॉक्टरमागे मुद्दल-व्याज मिळून पाच वर्षांत एकोणसाठ लाखांच्या आत खर्च येतो. असे पाचशे डॉक्टर घेतले तर एकूण तीनशे कोटींच्या आत, म्हणजे दरसाल साठ कोटींच्याही आत. केंद्राने जिल्हा रुग्णालयांना जोडून महाविद्यालये काढण्याची जी योजना आखली तिच्या तिसऱ्या टप्प्यात एका महाविद्यालयाचाच खर्च ३२५ कोटी धरलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेने कोणाला घेरी येण्याचे कारण नाही.

यास कोणी कर्जमाफी म्हणेल. २००८, २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफ्यांनी हा शब्द आपल्या राजकारणात इतका रुळला आहे की सरकारने कोणाच्याही बँकेत पैसे भरले की तीच आठवते. पण माफी मागच्या देण्याची असते आणि तिच्याबदली काही मागितलेले नसते. येथे झालेल्या कामाचा मोबदला, काम झाल्यावर, तिमाहीला चुकवायचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: श्रीमंताचा मुलगा पुण्यात राहील आणि कर्जबाजारी मुलगा धारणीला जाईल, ही नव्या प्रकारची वेठच नव्हे काय? हा आक्षेप मला टाळता येत नाही. एवढेच म्हणता येईल की वेठीत माणसाला सोडून जाता येत नाही. या योजनेत मधेच गेलेल्याने आधीचे काही परत देऊ नये, त्याचे पुढचे हप्ते फक्त थांबावेत, असा नियम असला तर तिच्यातली सक्ती पुष्कळ उतरेल. आणि दुर्गम पाड्यांत भरारी पथकांतून आज प्रत्यक्ष हिंडणारे बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. कर्ज त्यांनाही असते आणि मानधन कमी असते, तेव्हा त्यांना वगळून केलेली योजना मला तरी अर्धवट वाटेल.

खरी मेख अंमलबजावणीत आहे. कंत्राटी डॉक्टरांचे मानधन दोन-दोन, तीन-तीन महिने अडून राहते हे आरोग्य खात्यातल्या कोणालाही विचारावे; तीच गत कर्जाच्या हप्त्याची झाली, तर थकबाकीदार म्हणून नोंद होईल ती डॉक्टरच्या नावावर, खात्याच्या नव्हे. सबब रक्कम कोषागारातून थेट बँकेत जावी, आणि विलंबाचा दंड सरकारी तिजोरीने सोसावा. नोकराचे देणे मालकाने भागवले तर आयकर खाते ते उत्पन्न समजते, तेव्हा केंद्राकडून तेवढी सूट राज्याने आधी मिळवली पाहिजे, नाहीतर उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने जाईल. पाच वर्षांत डॉक्टरच्या संमतीवाचून बदली होऊ नये. एखाद्या पदाधिकाऱ्याची मर्जी मोडली म्हणून रातोरात दुसऱ्या तालुक्यात धाडलेला डॉक्टर पुन्हा कोणाच्या शब्दावर येणार नाही. निवासस्थान गळके असेल तर त्याची दुरुस्ती तो रुजू होण्यापूर्वी व्हावी, नंतरच्या आर्थिक वर्षात नव्हे.

आणि ही योजना पदवीनंतर जाहीर करून उपयोगाची नाही. प्रवेशप्रक्रियेच्या माहितीपुस्तिकेतच, पात्र केंद्रांच्या यादीसह, ती छापलेली असावी, आणि ज्या विद्यार्थ्याने त्याच वेळी सेवेचा करार केला त्याच्या कर्जाला राज्य शासनाने स्वतः हमी द्यावी, म्हणजे बँकेच्या मेजावरून परत आलेल्या त्या सातबाराऐवजी त्याला शासनाचे पत्र पुढे करता येईल आणि मामाच्या घराचे कागद मामाच्याच कपाटात राहतील.