"आयुर्वेदिकच आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्यांसाठी

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. कुणी गुळवेलीचा काढा, कुणी हळदीच्या कॅप्सूल, कुणी ताकदीच्या गोळ्या. आणि वर वाक्य ठरलेलं: "आयुर्वेदिकच आहे, साइड इफेक्ट नाही." मला हे वाक्य मान्य नाही. ज्याचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

केमोची बरीच औषधं लिव्हरमध्ये मोडली जातात, काही किडनीवाटे बाहेर पडतात. दुसऱ्या औषधाने ही वाट अडवली, तर डोस तोच राहूनही रक्तातलं प्रमाण वाढतं. केमोमध्ये गुणकारी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं असतं. १९९३ साली जपानमध्ये नागिणीवरचं सोरिव्हुडिन नावाचं औषध बाजारात आलं. त्यामुळे फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं औषध शरीरातून बाहेर पडणंच थांबलं. दोन्ही एकत्र घेतलेले अनेक कॅन्सर पेशंट काही आठवड्यांत दगावले. नागिणीसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्या!

गुळवेलीचं म्हणाल, तर कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद तज्ज्ञांना घालू द्या. केमोचं ओझं असलेल्या तुमच्या लिव्हरवर त्याचा निकाल कशाला लावायचा?

पण सगळा दोष काढ्यावर ढकलणं लबाडी होईल. आपल्याकडे केमो कोल्हापुरात, बीपीची गोळी गडहिंग्लजच्या डॉक्टरांकडून आणि गुडघ्याची गोळी चिठ्ठीशिवाय कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, असं चालतं. तिघांना एकमेकांचा पत्ता नसतो. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्झेटबरोबर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर मेथोट्रेक्झेट शरीरात साचतं. तोंड सोलून निघतं, पेशी खाली येतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर कॅपेसिटाबिन सुरू झालं, तर रक्तस्राव होऊ शकतो, तोही काही दिवसांनी किंवा महिन्यांनी. युरिक ॲसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्याला मर्कॅप्टोप्युरिनचा डोस बराच कमी करावा लागतो. आणि त्या ताकदीच्या गोळ्या? त्यांत बहुधा फॉलिक ॲसिड असतं, ते कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढवतं.

तुम्ही डॉक्टरांना हे सांगत नाही, कारण ते ओरडतात. ओरडणाऱ्या डॉक्टरांना माझं म्हणणं आहे: ओरडून काढा बंद होत नाही, फक्त लपतो. आणि तुम्हाला म्हणणं आहे की ओरडले तरी सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, बाटल्या एका पिशवीत भरून केमोच्या डॉक्टरांपुढे ओता. मात्र बीपीची, फिट्सची, रक्त पातळ करण्याची गोळी हे वाचून स्वतःहून बंद करू नका, ते आणखी घातक ठरेल.

आणखी एक. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप उतरतो, आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी केमोच्या हॉस्पिटलला फोन करा.