मोजणारे फार, तोलणारे कुठे?

इंदूरच्या मल्हारगंज भागात बडा गणपती आहे. पंचवीस फुटांची म्हणून सांगितली जाणारी ती शेंदरी मूर्ती पाहायला दुरून माणसे येतात. हे मंदिर कधी बांधले, असा साधा प्रश्न इंटरनेटला विचारून पाहा. एक पान सांगेल १८७५. दुसरे तेच सांगेल, तिसरेही तेच. मग मध्येच एखादे पान १९०१ म्हणते आणि त्याच्यामागे तसेच म्हणणाऱ्यांची वेगळी रांग दिसते. आता साल ठरवायचे कसे? ज्या रांगेत डोकी जास्त ते साल खरे धरायचे? बारकाईने वाचले तर कळते की एका रांगेतली वाक्ये बहुतेक सारखीच आहेत. कोणीतरी एकाने लिहिले, बाकीच्यांनी उचलले. आवाज पन्नास, साक्षीदार एक!

गणपतीच्या वयाचा निवाडा मला करायचा नाही. भक्ताला त्याची गरजही नाही. पण मित्रहो, डोकी मोजून सत्य ठरवण्याची हीच पद्धत आज आपल्या विद्यापीठांत संशोधनाला लावली जाते. कोणाचे संशोधन मोठे? ज्याचे दाखले इतरांनी जास्त दिले त्याचे. कोणाला बढती? ज्याच्या नावावर निबंध जास्त त्याला. लिहिलेले कोणी वाचले का, हा प्रश्न या सगळ्या हिशेबात कुठे येतच नाही.

हे सुरू कसे झाले, ते थोडक्यात सांगतो. युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थाने १९५५ साली कल्पना मांडली की कोणत्या निबंधाचा दाखला पुढे कोणी दिला, याची सूची करावी. १९६४ पासून ती सूची छापून येऊ लागली. कल्पना उत्तम होती. जुन्या विचाराचा माग काढायला आणि ग्रंथपालाला कोणते नियतकालिक मागवावे हे ठरवायला ती उपयोगी होती. पुढे तिच्यातूनच नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. २००५ साली होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने माणसाला लावायचे माप काढले, ‘एच-इंडेक्स’. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा दाखले मिळाले असतील तर तुमचा आकडा दहा. शिंप्याची टेप असावी तसे सोपे! दोष टेपेचा नाही. त्याच टेपेने माणसाचा ताप मोजायला लागले, तिथे घोटाळा झाला.

दाखला दिला म्हणजे वाचले, असे आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियातल्या सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली हे गृहीतकच तपासायला घेतले. त्यांनी चुका मोजल्या. एका प्रसिद्ध निबंधाला ४,३०० दाखले मिळाले होते. त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा सालाचा आकडा चुकला होता. पण वेगवेगळ्या चुका होत्या अवघ्या ४५, आणि एकच विशिष्ट चूक ७८ जणांनी केली होती! ७८ माणसे स्वतंत्रपणे नेमकी तीच चूक करतील, हे संभवत नाही. त्यांनी एकमेकांच्या यादीतून दाखला उतरवला. दोघांचा अंदाज असा, की दाखला देणाऱ्यांपैकी मूळ निबंध वाचणारे सुमारे वीस टक्के. म्हणजे पाचांत एक!

ही युक्ती वाचून मला हसू आले, कारण ती आपल्याकडे फार जुनी आहे. सामाईक चुकीवरून पोथीचे कूळ ओळखणे हे तर पाठचिकित्सेचे पहिले सूत्र. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची धुरा वाहिली. केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनला गेलेला हा माणूस. देशभरातून बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवली गेली. त्यांत सर्वांत पसरलेला पाठ होता नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेबरोबर आलेला. नीलकंठ मूळचे आपल्या गोदाकाठच्या कोपरगावचे आणि राहिले काशीला. त्यांच्या पाठाच्या प्रती उदंड. निव्वळ बहुमत घेतले असते तर नीलकंठ बिनविरोध निवडून आले असते! पण सुकथनकरांनी जास्त वजन दिले ते काश्मीरच्या शारदा लिपीतल्या मूठभर पोथ्यांना. का? तर शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरल्या असतील तर त्यांची साक्ष एकच धरायची असते. पोथ्या मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात.

याच आवृत्तीत बड्या गणपतीचेही एक प्रकरण आहे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने महाभारत लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, ही व्यासांची अट. पण ही कथा सगळ्या शाखांच्या पोथ्यांत सापडत नाही. म्हणून सुकथनकरांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. ज्या घरांत दर चतुर्थीला माटोळी बांधली जाते अशा समाजातल्या संपादकाने प्रत्यक्ष विघ्नहर्त्याला परिशिष्टात बसवायचे, याला छाती लागते. पुरावा तोलणारा माणूस असा असतो. आणि कथा मागाहूनची असली तरी व्यासांची अट मला आजच्या प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर चिकटवावीशी वाटते. समजल्याशिवाय उतरवून घ्यायचे नाही!

आता आपल्या गोव्याकडे येऊ. साखवाळच्या धर्मानंद कोसंब्यांचे चिरंजीव दामोदर (१९०७–१९६६) पेशाने गणिती होते. भर्तृहरीच्या नावावर खपणाऱ्या श्लोकांपैकी त्याचे म्हणता येतील असे कोणते, हा कर्तृत्वाचा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतला. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली शतकत्रयाची आवृत्ती काढली. साडेआठशेच्या आसपास श्लोकांतून जवळपास सर्वत्र आढळणारे दोनशे त्यांनी पहिल्या गटात ठेवले, बाकीचे संशयित आणि तुरळक म्हणून वेगळे केले. तिच्या इंग्रजी शीर्षकातसुद्धा त्यांनी ‘भर्तृहरीचे’ न म्हणता ‘भर्तृहरीच्या नावे सांगितले जाणारे’ असे म्हटले. याच माणसाने प्राचीन नाण्यांचा काळ शोधण्यासाठी हजारो नाणी प्रत्यक्ष तराजूत घालून तोलली. हातोहात फिरताना नाणे किती झिजते, त्यावरून इतिहास वाचला. मोजण्याचा तिटकारा त्यांना मुळीच नव्हता. काय मोजायचे आणि का, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि याच कोसंब्यांचा हिशेब मोजणाऱ्यांनी कसा केला पाहा. १९४३ मध्ये त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यातलीच कल्पना पुढे करहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती जगभर त्या दोघांच्या नावाने ओळखली गेली. अलीकडे काही जण कोसंबींचे नाव आधी जोडतात. उलट १९४४ चा, जनुकांमधले अंतर काढण्याच्या सूत्राचा त्यांचा निबंध पिकांचे संशोधन करणारे आजही वापरतात. कारण ते सूत्र ‘कोसंबी’ या नावानेच संगणकाच्या प्रणालीत बसले आहे. माणूस तोच, बुद्धी तीच. एका कामाला दाखल्यांचा पाऊस, दुसऱ्याला दुष्काळ. यावरून त्या दोन कामांची उंची ठरवणारा शहाणा कोण?

त्यांची एक गंमतही सांगतो. १९३१ साली तरुण कोसंबींनी एक निबंध छापला. त्यात डी. बूर्बाकी नावाच्या रशियन गणितीच्या प्रमेयाचा हवाला होता. असा कोणी रशियन अस्तित्वातच नव्हता! आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या चिथावणीने केलेली ती थट्टा होती. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळाने ‘बूर्बाकी’ हेच टोपणनाव घेतले आणि ते जगप्रसिद्ध झाले. जन्माला न आलेल्या माणसालाही दाखला मिळू शकतो, हे एका गोमंतकीयाने तेव्हाच सिद्ध करून ठेवले आहे.

थट्टा पुरे. आजचे नियम पाहिले तर थट्टा कोण करतो आहे, हेच कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांना गुणांची पट्टी लावली. तिच्यात एका निबंधाचे गुण सहलेखकांत निदान वाटले तरी जात होते. २०१८ च्या नियमावलीत काय आले? दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. एका नारळाची दोन शकले केली की जवळजवळ दीड नारळ! दोहोंहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. अकरा जणांची नावे घातली की एका निबंधाचे जवळजवळ पावणेचार निबंध होतात. नावे घालण्याचे आमंत्रण याहून स्पष्ट कसे द्यायचे? एकट्याने चार वर्षे दप्तरे चाळणारा मात्र शंभरावर अडतो.

पदार्थविज्ञानात तर २०१५ साली एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पाने नावांची आणि संस्थांचीच! प्रचंड यंत्रावर हजारो माणसे राबतात, त्यांचे श्रम खरेच आहेत. पण ‘लेखक’ या शब्दाचा तिथे आणि इथे अर्थ एकच कसा असेल? जागतिक क्रमवारी लावणाऱ्या टाइम्स हायर एज्युकेशनने त्याच वर्षी हजाराहून अधिक लेखकांचे निबंध हिशेबातून काढले आणि पुढच्या वर्षी वाटे पाडून परत घेतले. पट्टी दरवर्षी बदलते, आकडा मात्र ब्रह्मवाक्य! याच प्रकाशनाच्या २०२० च्या यादीत २००९ मध्ये स्थापन झालेली आयआयटी इंदूर १९५८ च्या आयआयटी मुंबईच्या वर आली. त्या यादीत दाखल्यांना तीस टक्के वजन होते. इंदूरच्या संस्थेचा यात काहीच दोष नाही, तिचे अभिनंदनच करायला हवे. पण एप्रिल २०२० मध्ये सात जुन्या आयआयटींनी पारदर्शकता नाही म्हणून या क्रमवारीतून अंग काढून घेतले. पहिल्या रांगेतल्यांचाच या तराजूवर विश्वास नसेल तर आमच्या डिचोलीच्या, पेडण्याच्या महाविद्यालयांनी त्याला का भुलावे?

आकड्याचा आग्रह धरला की आकडा विकणारे दुकान उघडतेच. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्याच्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत असे दिसले. २०१८ च्या मे महिन्यात चार हजारांवर नावे यादीतून गळली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या आणि गेल्या. वाचण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेतले नाही.

यात मराठीचे काय होते, हे सांगायला मला आकडेवारी नको. ज्या आंतरराष्ट्रीय सूचींतून दाखले मोजले जातात, त्यांत मराठी ग्रंथ, संशोधन मंडळांची त्रैमासिके, दिवाळी अंक जवळजवळ येतच नाहीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे उपसून पोर्तुगेज-मराठे संबंध मराठीत मांडले. अ. का. प्रियोळकरांनी जुन्या मराठी ग्रंथांच्या पाठचिकित्सेत आयुष्य घातले. आज त्यांना मुलाखतीला बसवले तर पडद्यावर काय दिसेल? जवळजवळ कोरी जागा! माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापकाने जागराच्या गाण्यांवर तीन वर्षे गावोगाव हिंडून मराठीत लेख लिहिला. गुण शून्य. त्याच लेखाचा ओबडधोबड इंग्रजी सारांश पैसे भरून कुठेसा छापला, त्याला गुण मिळाले. आता त्याच्या विद्यार्थ्याने मराठीत लिहावे, असे कुठल्या तोंडाने सांगायचे? भाषा मेली म्हणून आपण सभेत छाती पिटतो. ती या गुणपत्रिकांच्या रकान्यांत रोज थोडी थोडी मरते आहे, तिकडे कोणी पाहत नाही.

यावर विचारतील, मग काय मोजायचेच नाही? वशिल्याचे रान पुन्हा मोकळे करायचे? प्रश्न रास्त आहे. आकडा आला तोच मुळात वशिल्याला आळा घालायला. पण ज्याला वशिला लावायचा तो आज निबंधात नाव घुसवूनही लावतोच. माझे म्हणणे एवढेच, की हिशेब पाठचिकित्सकासारखा करा. स्वतःचे स्वतःला दिलेले आणि आपसांत वाटलेले दाखले एकच साक्ष म्हणून धरा. दाखला कशासाठी दिला तेही पाहा. मान्य केले, खोडून काढले की नुसतेच यादीत टाकले? सहलेखकाने नेमके काय केले, ते लिहून घ्या. आणि उमेदवाराकडून त्याची निवडक पाच कामे मागवा, कोणत्याही भाषेतली, आणि ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचेही म्हणणे तेच आहे. नियतकालिकाचे माप माणसाला लावू नका, कामाची किंमत कामावरून करा.

याला वेळ लागेल, मानधन द्यावे लागेल, वादही होतील. होऊ द्यावेत! भांडारकर संस्थेचे काम १९६६ पर्यंत चालले, पण त्यातून उभी राहिलेली संहिता जगभरचे अभ्यासक आजही हाती घेतात. गोव्यात तर माणसे मोजकी आणि महाविद्यालये हाताशी. इथे पाच निबंध वाचणे अशक्य आहे, असे मला कोणी सांगू नये.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत, काही निवड समित्यांवर बसतात. पुढच्या बैठकीत कोणी एखाद्याचा एच-इंडेक्स वाचून दाखवला तर हात वर करा आणि शांतपणे विचारा, यातले आपण काय वाचले? उत्तर आले नाही तर ते इतिवृत्तात लिहायला लावा.