कुत्र्याला कोणी विचारलं?

माणसानं कुत्रा पाळावा की पाळू नये, हा वाद जुना आहे आणि त्यात मला पडायचं नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना त्याच्याविरुद्धचं काही पटत नाही, आणि ज्यांना तो चावलेला आहे त्यांना त्याच्या बाजूचं काही पटत नाही. माझं भांडण कुत्र्याशी नाहीच. ते त्याच्या टोपीशी आहे. टोपीशी, बो-टायशी, गॉगलशी, बूटमोज्यांशी आणि छातीवर इंग्रजीत ‘मम्माज् बॉय’ असं छापलेल्या त्या गुलाबी बनियनशी आहे.

ही मुंबई-पुण्याची थेरं, आपल्याकडे कुठे, असं कुणी म्हणेल. अहो, कसली मुंबई अन् कसलं पुणं! आमच्या नगरात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, सावेडीकडे संध्याकाळी एक चक्कर मारा. पूर्वी या रस्त्यावर माणसं कुत्र्याला फिरवायची. आता कपडे कुत्र्याला फिरवतात.

मध्यंतरी भाचेसुनेच्या कुत्र्याचा वाढदिवस होता. रिकाम्या हाताने जायचं नाही, हा आमच्या सौभाग्यवतींचा कुलाचार. तो त्यांनी चतुष्पादांनाही लागू केला. त्यामुळे श्वानवस्तूंच्या एका खास दुकानात जाण्याचा योग आला. दुकान असं की, आमच्या लग्नाचा बस्ता ज्या दुकानात बांधला ते याच्यापुढे रेशनचं दुकान वाटावं.

“कितवा बर्थडे, काका?” काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

“दुसरा.”

“थीम काय आहे?”

“कुत्रा,” मी म्हणालो.

मुलगा सोशिक होता. त्यानं एकेक वस्तू समोर मांडायला सुरुवात केली. हाडकाच्या आकाराची गादी. गादीला मॅचिंग उशी. गळ्यात बांधायचा ठिपक्याठिपक्यांचा रुमाल. जेवणाचं भांडं, आणि त्यावर मालकानं वाचायचा सुविचार. शेवटी एक रेनकोट. आता नगर म्हणजे पर्जन्यछायेतलं गाव. इथली निम्मी छत्री उन्हासाठी घेतलेली असते. ज्या गावात ढग आला तरी लोक त्याला पाहुणा समजतात, तिथे कुत्र्याला रेनकोट!

“कलर रेड देऊ का? रेड मस्त उठून दिसेल,” मुलगा म्हणाला.

“कुणाला?”

मुलगा गप्प. सौ. म्हणाल्या, “अहो, हळू बोला. लोक बघताहेत.”

पण माझा प्रश्न अगदी सरळ होता, आणि या सगळ्या धंद्याला विचारावा असा तो एकच प्रश्न आहे. कुणाला? कारण कुत्र्याला लाल रंग लाल म्हणून दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा बरे कळतात. लाल आणि हिरवा त्याला जवळजवळ सारखेच मळकट दिसतात. हिरव्या लॉनवर लालचुटूक चेंडू टाकून “आण रे, आण” म्हणणारा मालक खरं तर त्या बिचाऱ्याला करड्या गवतात करडा चेंडू शोधायला लावत असतो. तो चेंडू त्याला सापडतो तो नाकामुळे. रंग निवडणाऱ्याचं त्यात काडीचं श्रेय नाही.

तीच गत कपड्यांची. माणसाला अंगभर घाम येतो, म्हणून आपण सदरा काढून पंख्याखाली बसतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवावी लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत निसर्गानं दिलेल्या केसाळ कोटावर आपण आणखी एक कोट चढवायचा, तळव्यांना बूट घालायचे, आणि त्याची जीभ बाहेर लोंबायला लागली की “बघा बघा, कसा हसतोय!” म्हणून फोटो काढायचा. अहो, तो हसत नाही. तो वाफ सोडतोय.

आता वाचकांमधले श्वानप्रेमी रागावले असतील. “आम्ही जीव लावतो, त्यात तुमचं काय जातं? आणि त्याला आवडतं. टोपी घातली की शेपूट हलवतो!” जीव लावता, हे शंभर टक्के मान्य. पण शेपूट तो तुमच्याकडे बघून हलवतो, टोपीकडे बघून नव्हे. खात्री करायची असेल तर टोपी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा. तो ती डोक्यावर घालतो की दातात धरून कोपऱ्यात नेतो, ते बघा. टोपीबद्दलचं कुत्र्याचं मत त्या कोपऱ्यात मिळेल.

बरं, मोठमोठ्या कलावंतांचीही या बाबतीत फजिती झालेली आहे. फ्रँक लॉइड राइट हे अमेरिकेचे थोर वास्तुशिल्पकार. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या एका बारा वर्षांच्या मुलानं त्यांना पत्र लिहिलं, की माझ्या कुत्र्यासाठी घराचा आराखडा करून द्या. कुत्र्याचं नाव एडी. म्हाताऱ्यानं खरोखरच आराखडा करून दिला. मोठ्या मनाचा माणूस. पुढे काही वर्षांनी मुलाच्या वडिलांनी ते त्रिकोणी घर बांधलंही. छप्पर गळत असे, आणि एडी काही त्यात राहायला जाईना. जगातल्या धनिकांनी ज्याच्या घरांसाठी रांगा लावल्या, त्याला एका कुत्र्यानं नापास केलं, तेही एक शब्द न बोलता.

२०१२ साली केन्या हारा या जपानी डिझायनरानं ‘कुत्र्यांसाठी वास्तुकला’ असा प्रकल्पच काढला. नामवंत वास्तुशिल्पींनी एकेक जात वाटून घेतली. त्यात एकानं पूडलसाठी दिव्यांनी सजवलेला आरसा केला. आरशातला प्राणी म्हणजे आपणच, हे कुत्र्याला उमगत असल्याचा पुरावा काही मिळालेला नाही. मालकिणीला मात्र ते नक्की उमगतं. पण त्याच प्रकल्पात तोक्योच्या ‘बाउ-वाउ’ नावाच्या, म्हणजे आपल्या मराठीत ‘भू-भू’ नावाच्या, मंडळींनी डॅक्सहुंडसाठी नुसता एक उतार केला. पाय आखूड, पाठ लांब, त्यामुळे त्या जातीला पायऱ्या चढणं जड जातं. उतारावरून तो चालत वर येतो आणि बसलेल्या धन्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो. वस्तू देखणी आहे, खेळकर आहे, आणि मुख्य म्हणजे ती करण्याआधी कुणीतरी कुत्र्याचे पाय पाहिले आहेत. माझं भांडण डिझाइनशी नाही, हे यावरून लक्षात यावं.

खेळकरपणाशीही नाही. आमच्या जिल्ह्याला त्याची परंपरा फार जुनी. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना धातूच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत. पण काही हजार वर्षांची ही गोष्ट आहे. रथ साधारण हातभर लांबीचा. हाकणारा ऐटीत उभा, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रं! बैलांना त्याचा उपयोग नाही, रथाला नाही. पण तो ओतणारा कारागीर नक्की श्वानप्रेमी असणार. त्याला हौस आली, त्यानं ती धातूत भागवली. घरच्या जिवंत कुत्र्याला त्यानं मुकुट घातल्याचं कुठे आढळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की श्वानप्रेमींच्या हौशीच्या वस्तू श्वानप्रेमींनी वापराव्यात. कुत्र्याचं तोंड असलेला कप घ्या, कुत्र्याच्या आकाराची किल्ल्यांची साखळी घ्या, पंजे छापलेला शर्ट घालून खुशाल कापड बाजारातून हिंडा. तुम्हाला तो नको झाला तर तुम्ही काढू शकता. हाताला अंगठा असलेला आणि नसलेला, हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी लेखणी उचलली नसती. पण आता खुद्द कुत्राच डिझाइनची वस्तू झाला आहे. २००३ च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागेमागे धावला, आणि सारा देश त्याच्या मागे लागला. त्या चपट्या, सुरकुतलेल्या तोंडाचं आपल्याला हसू येतं, लाड येतात. पण नाक चपटं म्हणजे श्वासाची वाट अरुंद. ज्याला उष्णता धापा टाकूनच घालवायची, त्याची धाप टाकायची जागाच आपण शोभेसाठी दाबून टाकली. बर्फात गाडी ओढणारा हस्की सावेडीच्या फ्लॅटमध्ये आणणं हा त्याचाच पुढला भाग. त्याच्यासाठी एसी लावतात म्हणे. आणि वीज गेली की? की मग भारनियमनाची कैफियत त्यानं कुणाकडे मांडायची?

खरं डिझाइन कसं असतं ते बघायचं तर दुकानात जाऊ नका, मेंढरांच्या वाड्याशी जा. ज्या अहिल्याबाईंचं नाव जिल्ह्यानं घेतलं त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, धनगराच्या घरात जन्मलेल्या. त्या समाजाचं कुत्र्याशी नातं फोटोपुरतं नाही. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात कधीकधी टोकदार खिळ्यांचा पट्टा दिसतो. दिसायला ओबडधोबड. पण लांडगा किंवा बिबट्या आधी गळा धरतो, हे ज्यानं पाहिलं आहे त्यानं तो केलेला आहे. त्यावर ‘मम्माज् बॉय’ लिहिलेलं नसतं. तो कुत्रा कुणाचा लाडका आहे हे खिळ्यांवरूनच कळतं.

या पट्ट्याची पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या पारनेरला लागून पुणे जिल्ह्याचा शिरूर तालुका. तिथल्या पिंपरखेडच्या परिसरात २०२५ साली बिबट्यांनी माणसं मारली; त्यात लहान मुलंही गेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथल्या लोकांनी शेतात जाताना असेच खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात बांधले. ऊस आमच्याकडेही आहे, बिबट्याही आहे. संगमनेर, राहुरी, अकोल्याकडे विचारा. म्हणजे त्याच काळात, तासा-दोन तासांच्या अंतरावर, एकीकडे माणूस कुत्र्याला माणसाचा बो-टाय बांधत होता आणि दुसरीकडे जीव वाचवायला माणूस कुत्र्याचा पट्टा बांधत होता. दोन पट्ट्यांमध्ये कामाचा कुठला, हे ठरवायला समिती नेमायची गरज नाही.

म्हणून खरेदीला निघालेल्या मंडळींना एक विनंती आहे. रुमाल आणि गॉगल तिथेच ठेवा. त्या पैशांतून आधी रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्या. उन्हाळ्यात सावली आणि पसरट भांड्यात पाणी ठेवा. भांड्यावर सुविचार नसला तरी ते प्यायलं जातं. डांबर तापण्याआधी, पहाटे फिरवा, म्हणजे बूट लागत नाहीत. आणि तरीही काही छान, चमकदार घ्यावंसं वाटलंच, तर अंधारात उजेड पडला की चकाकणारे पट्टे मिळतात, ते चार घ्या. एक घरच्याला बांधा आणि उरलेले तीन गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांना. मनमाड रोडवर रात्री येणाऱ्या ट्रकवाल्याला ते दुरून दिसतील. दुकानातला तो मुलगा “मस्त उठून दिसेल” म्हणाला होता. इथे ते वाक्य एकदाचं खरं होईल. आणि “कुणाला?” या प्रश्नाला उत्तरही मिळेल.

शिर्डी आमच्याच जिल्ह्यातली. तिथली एक कथा साईभक्तांना पाठ आहे. एका बाईनं दारात आलेल्या भुकेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घातला, आणि साईबाबांनी तिला सांगितलं की तो तुकडा मला पोचला. बाबांनी त्या कुत्र्याच्या पोटाची चौकशी केली, पोशाखाची नाही. स्वतः बाबा ठिगळाच्या कफनीत राहिले. मॅचिंगचा विचार त्यांना सुचला असेल असं वाटत नाही.

भाचेसुनेकडे आम्ही तो चकाकणारा पट्टा आणि सौ.नी भाजलेल्या दोन बाजरीच्या भाकरी नेल्या. पट्ट्याबद्दल कुत्र्याचं मत कळलं नाही. भाकरीबद्दलचं मात्र तीन मिनिटांत कळलं.