तौबा झाली, पुढे काय?

२६ जून जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांतही नशेविरोधी रॅली निघतात. शाळेतल्या मुलांच्या हाती फलक दिले जातात, चौकात भाषणे होतात, जुम्म्याच्या बयानात नशेबाजांना जहन्नमची भीती घातली जाते. हे सगळे कुणी नशेत पडू नये म्हणून. पण जो पडला, उपचार घेऊन उठला आणि दोन-तीन महिने नशेशिवाय काढून घरी आला, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? टोमणे आहेत, पाळत आहे आणि लग्नाचा सल्ला आहे.

नशा सोडणारे आपल्यात कमी नाहीत. सोडलेली टिकत नाही, हे खरे दुखणे आहे. आणि ती न टिकण्यात त्या माणसाचा जेवढा हात असतो, तेवढाच आपलाही असतो. तौबा केली म्हणजे प्रकरण मिटले, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात खरे काम तिथून सुरू होते.

आधी एक खोटी प्रौढी बाजूला ठेवू. "दारू हराम आहे, आपल्यात हा प्रश्न नाही" असे म्हणणाऱ्यांनी मालेगावात जाऊन 'कुत्ता गोळी' म्हणजे काय ते विचारावे. ती अल्प्राझोलम आहे, चिंता आणि झोपेच्या तक्रारींवर डॉक्टरांनी लिहून द्यायची गोळी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आहे, एमडी म्हणजे मेफेड्रोन आहे, आणि दारूही आहेच. बाटली नको म्हणून गोळी घेणारा स्वतःची समजूत काढतो की मी हराम प्यायलो नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळालेली होती. हा आकडा साऱ्या देशाचा आहे. जिथे नशेचे नाव काढणेही बेइज्जती समजतात, तिथे काय अवस्था असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

व्यसनमुक्तीत काम करणारे ज्याला 'रिलॅप्स' म्हणतात, ती घसरण पहिल्या घोटाने सुरू होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. झोप उडते, चिडचिड वाढते, औषध चुकते, समुपदेशकाला भेटणे टळते, जुन्या दोस्ताचा फोन उचलला जातो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळा, असे या क्षेत्रात नेहमी सांगतात. आता यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या पोराचा विचार करा. बारा-बारा तास खडखडाट, उकाडा, अर्धपोटी जागरण, आणि सुटल्यावर हातात आठवड्याची मजुरी. चारही वेळा एकाच रात्रीत येतात. त्याला "ईमान मजबूत ठेव" एवढे सांगून आपण घरी झोपायला जातो.

मग आपले तीन लाडके इलाज सुरू होतात.

पहिला, निकाह. "लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल." म्हणजे जे डॉक्टरांना, आईबापांना आणि सगळ्या मोहल्ल्याला जमले नाही, ते वीस वर्षांच्या एका मुलीने करून दाखवायचे. तिला आधी सांगितलेलेही नसते. ही त्या मुलीशी केलेली सरळसरळ फसवणूक आहे.

दुसरा, चाळीस दिवसांची जमात. जमातीत जाण्याला माझा विरोध नाही. दोस्तांपासून दूर, वेळेवर झोप, वेळेवर जेवण, सतत कुणीतरी सोबत, या सगळ्याचा फायदा होतोच. पण एकेचाळिसाव्या दिवशी तो त्याच गल्लीत, त्याच पानटपरीसमोर उतरतो. आणि जाताना "आता या गोळ्यांची गरज नाही" म्हणून डॉक्टरांची औषधे बंद करायला लावली असतील, तर आपण त्याचा जीवच धोक्यात घातलेला असतो.

तिसरा इलाज सर्वांत वाईट, चोरून औषध देण्याचा. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात. अशी पुडी चहात, सालनात मिसळली जाते. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. डायसल्फिरम नावाचे औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, मृत्यूही येऊ शकतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

याशिवाय "कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल" म्हणणारेही असतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची किंवा अल्प्राझोलम घेणाऱ्याची नशा एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, त्यात माणूस दगावतो. साखळदंडाने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केले आहे, आणि दारू व ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही त्याच कायद्यात येतात. उलट धोकाही लक्षात ठेवा. गर्द घेणारा काही महिने दूर राहिला की शरीराची सवय मोडते. मग एके दिवशी तो पूर्वीएवढीच मात्रा घेतो आणि तीच जीवघेणी ठरते. शरमेने दार लावून एकटाच घेत असेल, तर वाचवायलाही कुणी नसते. म्हणून म्हणतो, आपला टोमणा निरुपद्रवी नाही. "फिर चालू हुआ क्या?" हे ऐकावे लागू नये म्हणून माणूस पहिली घसरण लपवतो, आणि लपवलेली घसरण त्याला जुन्या नशेपर्यंत नेऊन सोडते.

काहीजण म्हणतील, "तुम्ही गुनाहला सूट देताय. एकदा तौबा मोडली तो झूठा."

मी उर्दू शिकवतो, म्हणून शब्दापासूनच सुरुवात करतो. तौबा ज्या अरबी धातूपासून येते त्याचा अर्थ 'परतणे' असा आहे. परत येण्याची वाट एकदाच वापरता येते, असे कुठे सांगितले आहे? सही बुखारीत एक घटना आहे. दारू प्यायल्याबद्दल एका माणसाला वारंवार रसूलल्लाह (स.) यांच्यासमोर आणले गेले, त्याला शिक्षाही झाली. कुणीतरी त्याच्यावर लानत पाठवली तेव्हा आपण (स.) त्याला रोखले आणि त्या माणसाच्या अल्लाह-रसूलवरच्या प्रेमाची ग्वाही दिली. दारू हरामच राहिली. पण वारंवार घसरलेला तो माणूस जमातीबाहेर काढला गेला नाही. मग आपल्या मोहल्ल्याचे कमिटीवाले कुठल्या अधिकाराने त्याला बाहेर काढतात?

रमजानकडेच बघा. वर्षभर सुटली नाही ती नशा कितीतरी जण या महिन्यात बाजूला ठेवतात. आपण म्हणतो, रमजानची बरकत. बरकत आहेच, पण ती कशी उतरते तेही बघा. सेहरीला कुणीतरी उठवते, इफ्तारला कुणी एकटे बसत नाही, रात्री तरावीहला शेजारी खांदा असतो, दिवसाची प्रत्येक वेळ ठरलेली असते. चाँदरात आली की हे सगळे एका झटक्यात संपते. खिशात पैसे, रस्त्यावर गर्दी, जुने दोस्त गळाभेटीला, आणि "आज तो ईद है यार". ज्या रात्री त्याला सर्वांत जास्त सोबत हवी, त्या रात्री आपण सगळे खरेदीत असतो.

सोबतीचे हे तंत्र नवीन नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि कुटुंबाला बरोबर घेण्याला महत्त्व दिले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठी आणि हिंदीतही चालतात, तिथे फक्त आजचा दिवस नशेशिवाय काढायचा असतो. आपल्यातले काही म्हणतात की ती पद्धत ख्रिश्चनांकडून आली. तिथे प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे परमेश्वराला शरण जायचे असते. आपण अल्लाहचे नाव घेऊ. अडचण कुठे आहे?

म्हणून मशिदींच्या ट्रस्टींना आणि जमातींना माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एकदा, इशानंतर, जमातखान्याची एक खोली तासभर उघडी ठेवा. सोडलेले लोक तिथे एकमेकांशी बोलतील. कुणी भाषण द्यायचे नाही, कुणाचे नाव बाहेर न्यायचे नाही. स्त्रियांसाठी वेगळा तास ठेवा. नशेत अडकलेल्या बाया आपल्याकडे आहेत, आपण त्यांना मोजत नाही एवढेच. पेश इमामांनी १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक पाठ ठेवावा आणि आलेल्या माणसाला ताबिजाआधी डॉक्टरकडे पाठवावे. कारखानदारांनी पहिले काही महिने दिवसपाळी द्यावी. घरच्यांनी चोरून खिसे तपासण्याऐवजी त्याच्याशी बसून ठरवावे की पैसे कुणाकडे राहतील, गोळ्या कोण देईल, तलफ आली तर रात्री दोनलाही फोन कुणाला करायचा. आणि पाय घसरलाच तर त्याच दिवशी उपचाराला न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. स्वतःच्या सेवनापुरता किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेल्या व्यसनीने स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

यात रॅलीपेक्षा कमी पैसा लागतो, पण वर्षभर चिकाटी लागते. येत्या २६ जूनला फलक रंगवण्याआधी प्रत्येक कमिटीने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. गेल्या वर्षी आपल्या मोहल्ल्यात ज्यांनी नशा सोडली, ते आज कुठे आहेत? हे माहीत नसेल, तर रॅली नंतर काढा. आधी त्यांची दारे वाजवा.