उलटा छापलेला चंद्र
परवा एका मासिकात चंद्राच्या पृष्ठभागाचे छायाचित्र उलटे छापलेले पाहिले आणि त्यातील विवरे, जी वस्तुतः खोल खड्डे आहेत, ती गळवांसारखी वर आलेली दिसू लागली. कारण प्रकाश वरूनच पडायचा, ही आपल्या डोळ्यांची इतकी जुनी वहिवाट आहे की तिच्याविरुद्धचा पुरावा ते कामकाजात घेतच नाहीत. केवळ छायेच्या तरतमभावावरून आकाराचे अनुमान करण्याचा हा उद्योग खगोलज्ञांनी चंद्राचे उतार मोजण्यासाठी पूर्वीच आरंभिला होता. संगणकाकडून तो सर्रास करवून घेण्याची गणिती रीत बर्टोल्ड हॉर्न यांनी १९७० साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात मांडली. अडचण अशी की, छायाचित्रातल्या एकेका ठिपक्याची उजळता हा आकडा एक, आणि तेथला उतार सांगायला आकडे लागतात दोन. तेव्हा पृष्ठभाग सलग आहे, त्याचा रंग सर्वत्र सारखा आहे, दिवा अमुक दिशेला आहे, अशी गृहीते यंत्राच्या पदरात आधी घालावी लागतात, आणि मग एखाद्या सुवासिनीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू दिसले, की त्या गडदपणाला छाया समजून ते बिचारे तेथे खळगा पाडून बसते! यंत्र निदान आपली गृहीते आगाऊ लेखी देते, आपले डोळे मात्र ती दप्तरी दाखल न करताच निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून या खटल्यात माझा कौल, खळग्यासकट, यंत्राच्या बाजूने.