अभद्र कसलं त्यात?

मैत्रिणींनो, महिला मंडळात मृत्युपत्राचा विषय काढला की एखादी हमखास म्हणते, "अहो ताई, भरल्या घरात असलं अभद्र कशाला बोलता?" विम्याचा हप्ता मात्र आपण न चुकता भरतो. मृत्युपत्र म्हणजे शेतीवाडी असलेल्या आजोबांचं काम, असा आपला समज. खरं तर पदरात लहान मुलं असलेल्या तिशी-चाळिशीतल्या जोडप्याला त्याची जास्त गरज आहे.

"नवऱ्याच्या मागे सगळं बायकोचंच," हे आपण धरूनच चालतो. हिंदू वारसा कायदा, 1956 तसं म्हणत नाही. घर नवऱ्याने स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, प्रत्येक मुलगा-मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा. दोन मुलं आणि सासूबाई असतील तर आपला हिस्सा चौथा. सासूबाईंना काही मिळू नये असं मी मुळीच म्हणत नाही, म्हातारपणी त्यांनाही आधार हवाच. पण त्यांच्या पश्चात तो वाटा दीर-नणंदांपर्यंतही जातो. आणि मुलं अज्ञान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. आमच्या मस्तगडमधल्या एका वहिनींना मुलीच्या शिक्षणासाठी नवऱ्याच्या नावचा प्लॉट विकायचा होता. परवानगी मिळेपर्यंत अॅडमिशनची तारीख उलटून गेली.

"पण नॉमिनी म्हणून माझं नाव आहे की!" हे दुसरं समाधान. आपल्या भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. तरी म्युच्युअल फंडातल्या पैशाचा मालक नॉमिनी की वारस, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला, की नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी मिळत नाही. ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. (विमा पॉलिसीत जोडीदार, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर 2015 पासून नियम वेगळा आहे.)

आता आपलं स्वतःचं. शिलाई मशीनवर, खानावळीवर, नोकरीवर कमावलेलं, बचत गटात साठवलेलं. बाईने मृत्युपत्र केलं नाही आणि नवरा व मुलंही नसतील, तर तिची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. तिचे आईवडील त्यानंतर! लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या एका मुलीला सासरच्यांनी हाकलून दिलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, 1996 मध्ये वारली. तिच्या बँकेतल्या ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी कोणाला मिळाला? नणंदेच्या मुलांना. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायदा असाच आहे म्हणून सांगितलं. एक कागद तिने लिहून ठेवला असता तर! नोव्हेंबर 2025 मध्ये याच न्यायालयाने महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं. न्यायाधीशांनी सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

करायला फार काही लागत नाही. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही. नवऱ्याचं वेगळं, आपलं वेगळं करावं. काय आहे आणि कोणाला द्यायचं ते स्पष्ट लिहून, तारीख घालून, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांच्याही सह्या घ्यायच्या. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान आणि वाटेकरी नसलेले बरे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं असेल ते खरं. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपल्या वाट्यापुरतंच लिहिता येतं. आपल्या मुस्लिम भगिनींना मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. त्यांनी जाणत्या वकिलाला विचारूनच करावं.

नवऱ्याकडे विषय कसा काढायचा, हा खरा अवघड भाग. "तुम्ही करा" म्हटलं की संशय येतो, "माझ्या जिवावर उठलीस का?" म्हणून. आधी आपलं करावं, बांगड्या आणि पासबुकापुरतं का होईना, आणि सही करताना त्यांना शेजारी बसवावं. झालेला कागद कपाटात साड्यांच्या तळाशी दडपून ठेवू नये. कुठे आहे ते घरातल्या एका तरी माणसाला सांगावं.