शिकाऊ म्हणे!

१९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचं कलम १८ बघा: शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. ठीक. मग शिकवा ना राव! मी पुण्यातल्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ होतो. दोन महिने एक्सेलमध्ये बग्ज उतरवले, उरलेले दहा महिने टेस्टिंगमधून सोडून गेलेल्या माणसाचं काम केलं. त्याला पगार होता, मला स्टायपेंड. शिकवायला कोणी नाही, पण लॉगबुकात दर महिन्याला 'समाधानकारक' (न वाचताच!). २०१९च्या नियमांनी पदवीधराला किमान ९००० रुपये ठरवले. त्यातले निम्मे सरकार भरतं. म्हणजे कंपनीला इंजिनिअर पडतो साडेचार हजारात. वर नोकरी देण्याचं बंधन नाही. माझ्या खुर्चीत पुढच्या सोमवारी नवा शिकाऊ बसला.